आयरिश पूर्वजांचा शोध : थडगी आणि दफनवह्या



आयर्लंडचे नाव महाराष्ट्राला परके नाही. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा 'होमरूल' हा शब्दच मुळी आयर्लंडच्या राजकारणातून उचललेला होता. तेथील जमीनदारी, तेथील दुष्काळ, तेथील स्वातंत्र्याचा झगडा यांविषयी आपल्या आजोबा-पणजोबांनी मोठ्या आस्थेने वाचलेले होते. आज आम्ही मात्र त्या देशाच्या राजकारणावर बोलणार नाही. त्या देशातल्या थडग्यांवर बोलणार आहोत. मोगऱ्याच्या दिवसांत आणि भरल्या मंडपात थडग्यांचा विषय काढला म्हणून श्रोत्यांनी नाक मुरडू नये. आपला पणजा कोण, तो कोणत्या गावचा, त्याची माती कोठे पडली, हे विचारणारी माणसे आजही हजारोंनी आयर्लंडात येतात आणि गुडघाभर गवतातून वाट काढीत जुने दगड वाचीत बसतात. ती काय शोधतात, त्यांना काय सापडते आणि काय सापडत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे शोधणारे कोण ते पाहू. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार भरली होती. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढची पाच-सात वर्षे देशाची दैना उडाली. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व तापाच्या साथींनी मेली. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८५१ ची गणती ६५ लाखांवर आली. दुष्काळ सरला तरी बाहेर जाणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. १९११ साली देशात ४४ लाखही माणसे उरली नव्हती. जे गेले ते अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात, इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेले. त्यांच्या पणतवंडांना आज एवढेच ठाऊक असते की, पणजोबांचे नाव पॅट्रिक मर्फी आणि ते कॉर्क काउंटीचे. आता कॉर्क हा एक मोठा जिल्हा आहे, आणि त्यात पॅट्रिक मर्फी किती होऊन गेले याची गणती नाही. आपल्याकडे 'सातारा जिल्ह्यातले पाटील' एवढ्या पत्त्यावर कोणी माणूस शोधू लागला तर आपण त्यास काय म्हणू?

आपल्याकडे असा शोध घेणारा माणूस त्र्यंबकेश्वरास किंवा नाशकास जातो. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की तीर्थोपाध्याय वही काढतात, आणि आजोबांच्या आजोबांची सही किंवा नाव दाखवतात. त्या वहीवरून कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत सिद्ध झाले आहेत. आयर्लंडातही कागद होते. इंग्रजी राज्य कागदाच्या बाबतीत मागे नव्हते. १८२१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत होती, मृत्युपत्रे होती, चर्चच्या नोंदवह्या होत्या. मग थडग्यांकडे वळण्याची पाळी का यावी? याचे उत्तर १९२२ सालात आहे.

इंग्लंडशी झालेल्या तहाच्या प्रश्नावरून आयरिश लोकांत आपसातच युद्ध जुंपले. तहाच्या विरोधकांनी डब्लिनमधील 'फोर कोर्ट्स' ही न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली होती. तिच्याच आवारात सरकारी दप्तरखाना होता. तोफा सुरू झाल्या, आणि ३० जून १९२२ रोजी प्रचंड स्फोट होऊन दप्तरखाना पेटला. सात शतकांचे कागद जळाले. अर्धवट जळलेले तुकडे वाऱ्यावर उडून कित्येक मैलांवर जाऊन पडले. १८२१ ते १८५१ या चार गणत्यांच्या वह्या, थोडे अवशेष सोडता, त्यात गेल्या. जुनी मृत्युपत्रे गेली. आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून तेथे आणून ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. आणि या आगीला सगळा दोष देता येत नाही. १८६१ व १८७१ च्या गणतीचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते, तर १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली तेव्हा लगदा करण्यासाठी दिले गेले. म्हणून संबंध देशाची हाती राहिलेली पहिली गणती १९०१ ची, आणि दुसरी १९११ ची.

या भस्मातूनही एक मजेची गोष्ट वाचली. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांस पेन्शन मिळू लागले. आता वयाचा दाखला कोठून आणावा? सर्वांचे जन्ममृत्यू सरकारात नोंदवण्याची पद्धत १ जानेवारी १८६४ पासूनची. तेव्हा कारकुनांनी १८४१ व १८५१ च्या वह्या उघडून म्हातारा त्या वेळी किती वर्षांचा होता ते पाहिले आणि उतारे करून ठेवले. मूळ वह्या जळाल्या, उतारे राहिले. या पेन्शनचा आणखी एक परिणाम असा की, १९०१ आणि १९११ च्या गणत्या ताडून पाहिल्या तर पुष्कळ म्हाताऱ्यांचे वय दहा वर्षांत दहाहून बरेच अधिक वाढलेले दिसते!

कॅथलिक बहुजनांच्या वह्या त्यांच्या धर्मगुरूंकडे गावोगावी होत्या, म्हणून त्या वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली त्यांची छायाचित्रे सर्वांस खुली केली. पण कित्येक ठिकाणी, विशेषतः पश्चिमेकडील गरीब भागात, त्या एकोणिसाव्या शतकात बऱ्याच उशिरा सुरू होतात. शिवाय त्यांत बाप्तिस्मे आणि विवाह असतात. दफनाची नोंद क्वचित. सरकारी मृत्युनोंदीत नाव, वय, धंदा, रोग, वर्दी देणाऱ्याचे नाव असते. परंतु मेलेल्याच्या आईबापांचे नाव नसते. म्हणजे माणूस मेला हे कळते, तो कोणाचा होता हे कळत नाही. नेमकी हीच उणीव थडग्यावरचा दगड भरून काढतो, कारण दगड उभारणारा माणूस नाते सांगण्यासाठीच तो उभारतो.

आता हे दगड कोठे असतात? श्रोत्यांस वाटेल, कॅथलिक माणूस कॅथलिक चर्चच्या अंगणात. तसे नाही. १८७० च्या अखेरपर्यंत प्रॉटेस्टंट चर्च हे आयर्लंडचे राजमान्य चर्च होते. जुन्या दफनभूमी, मोडकळीस आलेल्या मध्ययुगीन मठांची आवारे, ही बहुतेक त्याच्या ताब्यात. पण कॅथलिक कुटुंबांचे वाडवडील तेथेच पुरलेले, म्हणून ती आपले मृत तेथेच नेत. त्यामुळे कॅथलिक शेतकऱ्याच्या दफनाची नोंद प्रॉटेस्टंट दफनवहीत सापडू शकते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक शोधणारे ती वही उघडतच नाहीत.

या व्यवस्थेत अपमानही होता. १८२३ साली डब्लिनमध्ये एका कॅथलिक गृहस्थाच्या दफनाच्या वेळी धर्मगुरू प्रार्थना म्हणू लागताच चर्चच्या चाकराने त्यांस अडविले. शहरात खळबळ उडाली. डॅनिअल ओकॉनेल हे मोठे वकील आणि पुढारी. त्यांनी कायदा धुंडाळून दाखवून दिले की, थडग्यापाशी कॅथलिक प्रार्थनेस मनाई करणारा कायदाच नाही. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी कोणत्याही धर्माच्या माणसास सन्मानाने मूठमाती मिळेल अशी जागा मिळविण्याची खटपट केली. तिच्यातून १८३२ च्या फेब्रुवारीत ग्लासनेव्हिनची दफनभूमी उघडली. तेथे पहिले दफन झाले ते मायकेल केरी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचे. त्या दिवसापासूनच्या वह्या आजवर जपलेल्या आहेत आणि तेथील दफनांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली आहे. खुद्द ओकॉनेल तेथेच आहेत, पार्नेलही तेथेच. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दगड न परवडलेल्या गरिबांचे. त्यांचे नाव दगडावर नाही, पण वहीत आहे. आणि एकाच थडग्यात कोणकोण पुरले आहे हेही वहीवरून काढता येते. तेथे अनोळखी आडनाव दिसले, तर ती बहुधा लग्न झालेली लेक असते.

दगड वाचायचा म्हणजे काय करावयाचे, हे एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा लेख असा आहे : 'बॅलीमोर येथील जेम्स बर्न याने आपला पिता पॅट्रिक बर्न, मृत्यू ३ मार्च १८२६, वय ७२, आणि माता मेरी बर्न ऊर्फ कॅव्हना, मृत्यू १८३१, वय ७०, यांच्या स्मरणार्थ उभारला.' तीन ओळींचा मजकूर. पण त्यात किती आहे पाहा. बापाचा जन्म १७५४ च्या आसपासचा, म्हणजे त्या गावची कॅथलिक वही सुरू होण्यापूर्वीचा असण्याचा पुष्कळ संभव. 'ऊर्फ' हा शब्द आपण टोपणनावासाठी वापरतो. आयरिश दगडावर तो माहेरचे आडनाव सांगतो. त्या एका शब्दाने आईचे कूळ हाती लागले. जेम्स १८३१ पर्यंत जिवंत होता आणि दगड उभारण्याइतकी त्याची ऐपत होती. आणि सर्वांत मोलाचा शब्द पहिलाच : बॅलीमोर.

येथे थोडे थांबू. आपल्या जुन्या कागदांत 'मौजे अमुक, तालुका तमुक' असे लिहिण्याची रीत आहे. आयर्लंडातही जमिनीचा सर्वांत लहान विभाग म्हणजे टाउनलँड. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड त्या लहानशा देशात आहेत. 'बॅली' म्हणजे वस्ती, आणि बॅलीने सुरू होणारी नावे आपल्याकडच्या 'वाडी'सारखी पावलोपावली भेटतात. एकच नाव दहा ठिकाणी असते, आणि मोजणीखात्याने १८२४ पासून नावांची ठरीव रूपे बसविण्यापूर्वी ज्याने त्याने कानास लागेल तसे ते लिहिले. परंतु टाउनलँड एकदा निश्चित झाले की कुलूप उघडते. १८४७ ते १८६४ या काळात कर आकारणीसाठी ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली साऱ्या देशाची मोजदाद झाली. तिच्यात प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन कोण कसतो आणि मालक कोण, हे लिहिलेले आहे. दगडावरून टाउनलँड, टाउनलँडवरून ग्रिफिथची यादी, यादीवरून पॅरिश आणि पॅरिशवरून चर्चची वही, असा हा मार्ग आहे. नुसते नाव घेऊन निघालेला माणूस वाट चुकतो. नावासोबत गाव घेऊन निघालेला पोचतो.

दगडही खोटे बोलतो, अर्थात जाणूनबुजून नव्हे. पुष्कळदा तो मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी, मुलाच्या हाती पैसा आल्यावर, कधी अमेरिकेहून रक्कम आल्यावर उभा राहतो. मग तारखा आठवणीने घातल्या जातात, वये पाऊणशे, ऐंशी अशी ठोकळ होतात. १७५२ पूर्वीचा दगड असेल तर आणखी एक खोच आहे : त्या काळी वर्षारंभ २५ मार्चला होत असे, म्हणून 'फेब्रुवारी १७३८' असे कोरलेले असेल तर ते आपल्या हिशेबाने १७३९ असते. आडनावांचे तर विचारूच नका. 'मॅक' म्हणजे पुत्र आणि 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. इंग्रजी अमलात पुष्कळांनी हे उपसर्ग टाकले, पुढे काहींनी पुन्हा धरले. मॅक गव्हन हे लोहाराच्या पोराचे आडनाव. त्याचे भाषांतर होऊन ते 'स्मिथ' झाले! म्हणून आयर्लंडातील स्मिथ हा इंग्रजच असेल असे धरून चालू नये. उलट नावांची रीत मदतीस येते. थोरल्या मुलास बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्यास आईच्या बापाचे, अशी चाल पुष्कळ घरांत होती. नातवास आजोबांचे नाव ठेवणाऱ्या मराठी माणसास ही रीत समजावून सांगण्याचे कारण नाही. तो नियम नव्हे, पण एका पॅरिशमधल्या तीन पॅट्रिकांतून आपला कोणता हे ठरविताना तो एक धागा देतो.

दगड वाचण्याचेही शास्त्र आहे. शेवाळ आले म्हणून तारेच्या ब्रशाने खरवडणे हा अपराध समजावा. त्याने अक्षर उघडे होते आणि पुढच्या पावसात कायमचे जाते. जाणता माणूस सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहतो, किंवा आरशाने उजेड बाजूने पाडतो. मग भर दुपारी कोरा दिसणारा दगड बोलू लागतो. ओळी जशा आहेत तशा, चुकांसह, उतरून घ्यायच्या. न लागलेले अक्षर अंदाजाने भरायचे नाही. शेजारचे दगडही उतरायचे, कारण शेजारी बहुधा सोयरे असतात. दगडावर चषक कोरलेला असेल तर तेथे धर्मगुरू निजलेला आहे असे समजावे.

हे काम कोणी केले? १८८८ साली कर्नल व्हिगर्स यांनी मृतांच्या स्मारकांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिच्या सभासदांनी गावोगावचे लेख उतरून चाळीस वर्षांहून अधिक काळ छापले. १९६६ पासून उत्तरेत डॉ. रिचर्ड क्लार्क यांनी डाउन काउंटीपासून आरंभ करून एकामागून एक खंड सिद्ध केले. हे गृहस्थ इतिहासाचे प्राध्यापक नव्हते, भूलशास्त्राचे होते. जुन्या पुस्तकांत उतरलेले कित्येक दगड आज झिजून कोरे झाले आहेत किंवा नाहीसे झाले आहेत. त्यांचा पुरावा आता ती पुस्तकेच. जळालेल्या दप्तरखान्याच्या नकला जगभरच्या संग्रहांतून गोळा करून २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, त्याचे संगणकीय पुनरुज्जीवन झाले. त्यातही अशा खासगी उताऱ्यांचा उपयोग झाला.

आता समुद्रापलीकडे जाऊ. कित्येकदा आयर्लंडातील गावाचे नाव आयर्लंडात सापडत नाही, ते बॉस्टनच्या किंवा सिडनीच्या दफनभूमीत सापडते. परदेशी मेलेला आयरिश माणूस आपल्या दगडावर 'अमुक पॅरिशचा, तमुक काउंटीचा रहिवासी' असे आवर्जून कोरून घेई. घर सुटले तरी गावाचे नाव सोडवेना. बॉस्टनच्या 'पायलट' पत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षे हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती येत होत्या. त्यांतही पॅरिश आणि टाउनलँड दिलेले असे. म्हणून शोधाची सुरुवात आपण जेथे आहोत तेथल्या थडग्यापासून करावी, असे जाणकार सांगतात.

आणि हा शोध कधी कधी आपल्या दारापर्यंत येतो. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींत आयरिश तरुणांचा भरणा मोठा होता. मुंबई इलाख्याची जी जुनी गोरी पलटण, तीच पुढे १८८१ मध्ये 'रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स'ची दुसरी बटालियन झाली, हे फार थोड्यांस माहीत असते. पुणे, खडकी, दापोली, महाबळेश्वर येथे साहेबांची जुनी थडगी आहेत, ती आपण येता-जाता पाहतो. त्यांवर अधिकाऱ्यांची नावे आहेत; पटकीने मेलेल्या साध्या शिपायास दगड क्वचितच मिळाला. पण पाद्र्याने त्याचे नाव, पलटण आणि वय वहीत लिहिले, त्या वहीची नक्कल लंडनला गेली, आणि ती आज ब्रिटिश ग्रंथालयात आहे. भरतीच्या कागदांत त्याचे मूळ गाव असते. दोन्ही जोडले की कोण्या आयरिश घरात 'हिंदुस्थानात गेला, परत आला नाही' एवढेच ठाऊक असलेल्या मुलाचा शेवट कळतो. १९७६ साली इंग्लंडात स्थापन झालेली एक संस्था दक्षिण आशियातील या थडग्यांचे लेख उतरवून ठेवीत आहे. आपल्या गावचा असा दगड फरशीसाठी उचलला जाऊ नये, एवढे तर आपण पाहू शकतो.

येथवर दगड असलेल्यांविषयी बोललो. आता ज्यांना दगड नाही त्यांच्याविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कॉर्क काउंटीत स्किबरीनजवळ ॲबीस्ट्रूरी येथे दुष्काळातले आठ ते दहा हजार मृत सामुदायिक खड्ड्यांत पुरलेले आहेत. कॅनडातील ग्रोस ईल या बेटावर १८४७ च्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसे, बहुतेक आयरिश, जहाजातून उतरून तापाने मेली. बाप्तिस्म्यापूर्वी मेलेल्या अर्भकांस पवित्र भूमीत जागा नसे. बाप त्यांस रात्री किंवा पहाटे गावाबाहेरच्या 'किलीन' म्हटल्या जाणाऱ्या जागी नेऊन पुरी, वर एखादा बिनअक्षरी धोंडा ठेवी. वंशावळीत त्या मुलांची ओळच नसते.

अशा ठिकाणी वह्या काय करू शकतात याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. गॉलवे काउंटीत ट्यूम येथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित माता व त्यांची मुले यांच्यासाठी एक आश्रम होता. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी तेथे मेलेल्या मुलांच्या सरकारी मृत्युनोंदी एकेक करून मिळविल्या. त्या ७९६ निघाल्या. मग त्यांनी गावच्या दफनभूमीच्या वह्या पाहिल्या. त्यांत ही मुले जवळजवळ नव्हतीच. मग ती गेली कोठे, एवढाच साधा प्रश्न त्यांनी विचारला. २०१४ मध्ये तो प्रश्न जगभर गेला, चौकशी-आयोग बसला, २०१७ मध्ये आश्रमाच्या जागी जमिनीखालच्या कोठड्यांत बालकांचे अवशेष असल्याचे जाहीर झाले, आणि २०२५ मध्ये तेथे रीतसर उत्खनन सुरू झाले. दोन वह्या शेजारी ठेवून पाहण्याचे हे काम. आम्ही मघापासून जी पद्धत सांगत आहोत तीच. फरक एवढाच की, येथे शोधणारीने स्वतःचे पूर्वज शोधले नाहीत. ज्यांना शोधणारे कोणी नव्हते त्यांना शोधले.

म्हणून शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पूर्वज शोधणाऱ्यास मोठा मोह पडतो तो जुळणाऱ्या नावाचा. नाव जुळले, साल जवळपास आले, दगड देखणा आहे, की मन म्हणते, हेच आमचे पणजोबा. येथे ज्याचे मन आवरत नाही तो परक्याचा बाप आपला म्हणून घरी नेतो, आणि आपला खरा पणजा, जो कदाचित त्याच आवारात दगडाविना पडला असेल, त्यास दुसऱ्यांदा पुरतो. गाव, शेजार, माहेरचे नाव, चर्चची वही, ग्रिफिथची यादी, यांपैकी दोन-तीन साक्षी एकमुखाने बोलतील तेव्हाच नाते जोडावे. नाहीतर वंशावळीत ती जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पुढच्या शोधणाऱ्यास उपयोगी पडते, चुकीचे नाव त्याची वाट अडविते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत, ट्रंकेच्या तळाशी जुने कागद आहेत. आयर्लंडची गोष्ट ऐकून कोणी आज रात्री आजीजवळ बसून तिच्या माहेरच्या चार पिढ्या गावांच्या नावांसह लिहून घेतल्या, तर आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.